'टेनेसी वॉल्ट्झ'मधला दगा नेमका कुठे आहे?

प्रश्नकर्त्या गृहस्थांचे म्हणणे थोडक्यात असे आहे. कंट्री संगीत, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेले लोकप्रिय संगीत, त्यांनी मुद्दाम कधी ऐकलेले नाही. गाडी चालवताना पॅटी पेज या अमेरिकन गायिकेच्या आवाजातले 'टेनेसी वॉल्ट्झ' कानावर पडले, चाल आवडली, आणि हे एखाद्या सुखी जोडप्याचे गाणे असावे अशा समजुतीत ते बरेच दिवस ती गुणगुणत राहिले. पुढे शब्दांकडे लक्ष गेले, तेव्हा हे मैत्रिणीने प्रियकर हिरावून नेल्याचे गाणे आहे असे कळले आणि ते बुचकळ्यात पडले. एवढा मोठा घाव बसूनही आवाजात साधी कळ नाही, हे कसे? दगा म्हणावा असे त्यात घडते तरी काय, कारण ओळख तर तिनेच करून दिली आणि ती दोघे नाचली तीही सर्वांदेखत? आणि ज्यात गिटारचा ठसका नाही, फिडल म्हणजे गावाकडच्या ढंगाचे व्हायोलिन नाही, त्याला कंट्री गाणे का म्हणायचे?

मी आयुष्याचा मोठा भाग अकॉर्डियन आणि पुढे कीबोर्ड वाजवण्यात घालवला असून त्यातली बरीच वर्षे मुंबईतल्या आणि गोव्यातल्या लग्नांच्या बँडमध्ये गेली. हे गाणे मी श्रोत्याच्या खुर्चीतून कमी आणि नाचणाऱ्यांच्या समोरच्या मंचावरून जास्त अनुभवले आहे, म्हणून उत्तरही त्याच जागेवरून देतो.

आपल्याला ते आधी गोड वाटले, यात ऐकण्याची चूक काहीच नाही. ते गोडच आहे, आणि गोड नसते तर त्याचे कामच झाले नसते. कथा अगदी थोडक्यात सांगता येते. गाणारी आपल्या प्रियकराबरोबर नाचत असते आणि बँड 'टेनेसी वॉल्ट्झ' वाजवत असतो. तेवढ्यात एक जुनी मैत्रीण दिसते. गाणारी दोघांची ओळख करून देते, ती दोघे नाचू लागतात, आणि त्या नाचातच मैत्रीण त्याला तिच्यापासून चोरून नेते. यापुढे कथा नाही. उरलेल्या अर्ध्या गाण्यात तिला ती रात्र आणि ती चाल आठवते, आणि आपण काय गमावले हे आता कुठे कळते आहे, एवढेच ती म्हणते. त्या दोघांचे पुढे काय झाले, तिने कोणाला जाब विचारला का, ती मैत्रीण पुन्हा भेटली का, यांतले गाणे काहीही सांगत नाही. पुरुषाने गायले तर मैत्रिणीच्या जागी मित्र येतो आणि बाकी सगळे तसेच राहते; मूळ ध्वनिमुद्रण पुरुषाच्याच आवाजातले आहे.

आता यात दगा कुठे, या प्रश्नाकडे वळू. ज्याने जोडीनाचाचा कार्यक्रम जवळून पाहिलेला नाही त्याला हे पटकन उमगणार नाही, कारण तिथला रिवाज ऐकणाऱ्याला ठाऊक आहे असे या गाण्याने गृहीत धरले आहे. नाचाच्या ठिकाणी ओळखीचे माणूस भेटले की आपल्या जोडीदाराची ओळख करून देणे, आणि त्या दोघांना एक नाच एकत्र करू देणे, हा साधा शिष्टाचार असतो. ते टाळणारा माणूस संशयी किंवा कोत्या मनाचा ठरतो. गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नांत नवरा-नवरीचा पहिला वॉल्ट्झ झाला की बाकीची मंडळी नाचात उतरतात आणि जोड्या बदलू लागतात: बाप लेकीबरोबर, दीर भावजयीबरोबर, नवऱ्याचा मित्र नवरीच्या बहिणीबरोबर. त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. म्हणजे गाणारीने जे केले त्याला भाबडेपणा म्हणता येणार नाही, कारण चांगल्या वळणाची कोणतीही मुलगी तेच करील. चोरी झाली ती या शिष्टाचाराच्या आडून, भरल्या सभागृहात, एकही नियम न मोडता. अशा वेळी तक्रार करायची तर कोणत्या तोंडाने करायची? ती आरडाओरडा करत नाही, कारण आरडाओरडा करण्यासारखे तिच्या हाती काहीच ठेवलेले नाही. पुरावा नाही, खोटे बोलणे नाही, लपूनछपून भेटणे नाही. नाच सुरू झाला तेव्हा जो तिचा होता तो नाच संपला तेव्हा तिचा उरला नव्हता, एवढेच.

येथे नाचाच्या प्रकाराला महत्त्व आहे. वॉल्ट्झमध्ये जोडी समोरासमोर, एकमेकांना धरून उभी राहते आणि स्वतःभोवती गिरक्या घेत सभागृहाची फेरी करते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या प्रतिष्ठितांनी या धरण्यावरूनच वॉल्ट्झला असभ्य ठरवले होते. कडेला उभ्या असलेल्या माणसाला अशा जोडीचे काय दिसते, याचा विचार करावा. एकदा त्याचा चेहरा आणि तिची पाठ दिसते. अर्ध्या गिरकीनंतर तिचा चेहरा आणि त्याची पाठ. दोघे एकमेकांकडे कसे पाहत आहेत हे एका नजरेत कधीच दिसत नाही; ते तुकड्यातुकड्यांनी जुळवावे लागते. मंचावरून आम्हाला मात्र बरेच दिसते. कोणती जोडी नुसती पावले मोजते आहे, कोणती गप्पा मारते आहे, आणि कोणत्या जोडीचे बोलणे मधेच थांबले आहे, हे वादकाला लवकर कळू लागते. कळले तरी बँडला थांबता येत नाही. धरलेली चाल पुरी करावीच लागते, आणि ज्या चालीवर हे घडते आहे ती आपणच वाजवत असतो. या गाण्यातल्या बँडचीही स्थिती तीच आहे, फक्त गीतकाराने त्याच्याबद्दल एक अक्षर लिहिलेले नाही.

आवाजातल्या शांतपणाचे निम्मे कारण ठेक्यात आहे. आपल्याकडच्या कानाला हा तीन मात्रांचा ठेका दादऱ्याजवळचा वाटतो, आणि या चालीला दादरा धरणारे तबलजी मी पाहिले आहेत. तरी दोहोंत फरक आहे. दादऱ्याच्या सहा मात्रांत पहिलीवर सम आणि चौथीवर खाली येते, म्हणजे एक अर्ध भरलेले आणि दुसरे हलके. वॉल्ट्झमध्ये खाली नाही. तीन मात्रांच्या प्रत्येक गटात, ज्याला आम्ही बार म्हणतो, खर्जातला एक ठोका आणि वर दोन हलके ठोके असतात, म्हणजेच बूम-चिक-चिक, आणि पुढचा बार हुबेहूब तसाच. दुःख मांडणाऱ्या गायकाला जी मोकळीक लागते, म्हणजे स्वर लांबवणे, मधे थांबणे, समेवर मुद्दाम उशिरा येणे, ती नाचाच्या गाण्यात फारशी मिळत नाही, कारण समोरच्यांची पावले चुकतात. रडण्याची सोय या रचनेने ठेवलेलीच नाही. गाणारी गळा दाटून आला म्हणून थांबली तर नाच थांबेल.

दुसरे निम्मे कारण चालीच्या बांधणीत आहे, आणि हे मला या गाण्यातले सर्वांत कसबी काम वाटते. एकूण बार चौसष्ट. सोळा-सोळांचे चार भाग. पहिला, दुसरा आणि चौथा भाग साधारण एकाच चालीचे, तिसरा वेगळा. पहिल्या भागात ती नाचते आहे आणि जुनी मैत्रीण नजरेस पडते. त्या ओळीच्या शेवटी कॉर्ड, म्हणजे साथीला एकदम वाजवलेला स्वरांचा गुच्छ, पंचमावर जाऊन उभी राहते. पंचमावर थांबले की कानाला पुढचे वाक्य हवेसे वाटते, कोणी 'आणि मग...' म्हणून थांबावे तसे. दुसऱ्या भागात ओळख, नाच आणि चोरी हे सगळे सोळा बारांत उरकते, आणि प्रियकर चोरीला गेल्याच्या नेमक्या शब्दांवर चाल पंचमाच्या कॉर्डवरून षड्जावर उतरते. गाण्यात भाग संपतासंपता कानाला मिळालेली ही पहिली खरी विश्रांती, आणि ती येते तिचे सर्वस्व जाते त्या ओळीवर. दुसऱ्या कोणत्याही रचनाकाराने तिथे एखादा विस्कटलेला स्वर, एखादा कोमल निषाद टाकून 'पाहा, वाईट झाले' असे सुचवले असते. येथे चाल घरी पोहोचते आणि गाणारी बेघर होते. आपण प्रथम हे सुखी गाणे समजलात, याला ही जागाच मुख्यतः जबाबदार आहे. कान विश्रांती ऐकत होता आणि शब्द अजून मागेच होते.

तिसऱ्या भागात, जिथे ती त्या रात्रीची आठवण काढते, वादक सर्वसाधारणपणे जे कॉर्ड वाजवतात त्यांत एक छोटी गंमत आहे. षड्जाच्या कॉर्डवरून थेट मध्यमाच्या कॉर्डवर न जाता वाटेत शुद्ध गंधाराची मेजर कॉर्ड घेतली जाते. या कॉर्डमध्ये कोमल धैवत आहे, जो मूळ सप्तकात कुठेच नाही. गळा मात्र शुद्ध स्वरांतच फिरत राहतो. ज्या शब्दावर ही कॉर्ड पडते तो शब्द 'रात्र' असा आहे. तिने सांगायचे टाळलेले मागच्या वाद्याने एका बारापुरते सांगितले, आणि लगेच मध्यमाच्या कॉर्डने ते झाकून टाकले. हार्मोनियमवर साथ करणाऱ्या कोणालाही ही जागा सापडेल. एकदा ती कॉर्ड घेऊन आणि एकदा वगळून गाऊन पाहिले, तर वगळल्यावर तो भाग नुसता गोड होतो. पुढे 'किती गमावले' या कबुलीवर चाल पुन्हा पंचमावर लटकते, आणि चौथ्या भागात गाण्याच्या नावावर येऊन षड्जाला मिळते.

गाणे कसे झाले ते येथे सांगतो, कारण त्यावाचून एक कोडे सुटत नाही. हे दोघांचे काम आहे. पी वी किंग हा अकॉर्डियनवादक आणि बँडचा प्रमुख; त्याचे जन्मनाव ज्युलियस फ्रँक अँथनी कुचिन्स्की. तो विस्कॉन्सिनमधल्या पोलिश वस्तीत, पोल्का आणि वॉल्ट्झ वाजवणाऱ्या घरात वाढला. दुसरा रेड स्टुअर्ट, त्याच्याच 'गोल्डन वेस्ट काउबॉइज' या बँडचा गायक आणि फिडलवादक, आणि हा खराच टेनेसी या अमेरिकन राज्याचा. 1946 साली दोघे बँडच्या सामानाच्या ट्रकमधून नॅशव्हिलकडे, म्हणजे टेनेसीच्या राजधानीकडे आणि कंट्री संगीताच्या माहेरघराकडे, येत होते. रेडिओवर बिल मन्रो यांचे 'केंटकी वॉल्ट्झ' लागले होते. केंटकीच्या नावाने वॉल्ट्झ आहे, मग टेनेसीच्या नावाने का नाही, असे स्टुअर्टच्या मनात आले, आणि काड्यापेटीचे खोके उलगडून त्याच्या कोऱ्या बाजूवर त्याने शब्द लिहून काढले. चाल मात्र नवी नव्हती. बँड आपल्या कार्यक्रमांत एक बिनशब्दांचा वॉल्ट्झ आधीपासून वाजवत असे, आणि त्याला नावच नसल्यामुळे तो 'नो नेम वॉल्ट्झ' म्हणून ओळखला जाई. शब्द त्याच चालीवर बसवले. डिसेंबर 1947 मध्ये आरसीए व्हिक्टर कंपनीसाठी ते ध्वनिमुद्रित झाले आणि 1948 च्या आरंभी बाजारात आले.

कोडे असे आहे. त्या रात्री बँड 'टेनेसी वॉल्ट्झ' वाजवत होता असे गाणारी सांगते. पण 'टेनेसी वॉल्ट्झ' म्हणजे तर हेच गाणे, आणि हे गाणे त्या रात्रीच्या घटनेवर रचलेले आहे. मग घटना घडण्याआधी ते वाजत कसे असेल? अनेक चिकित्सक श्रोते इथे अडखळतात आणि गीतकाराची गफलत म्हणून सोडून देतात. मला ती गफलत वाटत नाही. आधी चाल होती आणि तिला शब्द नव्हते. नाचायला शब्द लागतही नाहीत. ती तिघे ज्यावर नाचली ती बिनशब्दांची चाल होती, आणि शब्द नंतर आले, जिचा प्रियकर गेला तिने भरलेले. किंगच्या बँडमध्ये प्रत्यक्षात जे घडले तेच गाण्याच्या कथेतही घडते. हे त्या दोघांनी ठरवून केले असेल असा माझा दावा नाही. ट्रकमध्ये बसून काड्यापेटीवर लिहिणारा माणूस इतका विचार करीत नसतो. पण गाण्यात ते आहे. गाणारी काही नवे रचून रडत नाही. बँडने वाजवलेली चाल ती तशीच उचलते आणि तिच्यात आपली हकिकत ठेवते. म्हणूनच चाल सुखाची आहे. घडली तेव्हा ती सुखाचीच होती.

प्रकाशक फ्रेड रोझ यांनी यात केलेली एक दुरुस्ती मला फार मोलाची वाटते. तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला मूळ मसुद्यात गाण्याच्या नावाचा नुसता पुकारा दोनदा होता. रोझ यांनी पहिल्या पुकाऱ्याच्या जागी ती रात्र मला आठवते, अशा अर्थाचे शब्द घातले. बदल चार-पाच शब्दांचा आहे, पण त्यामुळे पहिल्या बत्तीस बारांत डोळ्यांसमोर घडत असलेली हकिकत एकदम जुनी होते. तोवर आपण सभागृहात होतो. आता कळते की सभागृह केव्हाच रिकामे झाले आहे आणि ही बाई एकटी बोलते आहे. रोझ हे स्वतः कसलेले गीतकार होते. चांगला संपादक काय करतो ते दाखवायला मी शिकणाऱ्यांना हा बदल सांगतो.

कंट्रीमध्ये प्रेमातल्या फसवणुकीची गाणी उदंड आहेत, आणि त्यांतली बहुतेक कोणाला तरी उद्देशून असतात. हँक विल्यम्स यांनी सप्टेंबर 1952 मध्ये ध्वनिमुद्रित केलेले आणि 1 जानेवारी 1953 रोजी ते वारल्यानंतर प्रसिद्ध झालेले 'युअर चीटिंग हार्ट' पाहा. ते सरळ 'तू'ला बजावते की तुझेच मन तुला खाईल. त्याच 1952 साली किटी वेल्स यांनी, बायका बिघडतात त्याला बेइमान पुरुषच कारणीभूत आहेत, असे ठणकावणारे उत्तर-गाणे गायले आणि कंट्रीच्या यादीत एकट्या गायिकेने पहिला क्रमांक मिळवण्याचा मान त्यांच्याकडे गेला. या दोन्ही गाण्यांत आरोपी समोर उभा आहे. 'टेनेसी वॉल्ट्झ' कोणालाच उद्देशून नाही. प्रियकराला त्यात दोषाचा शब्द नाही; त्याने काही केले असेही म्हटलेले नाही, त्याला वस्तूसारखे उचलून नेले गेले आहे. मैत्रिणीला चोर म्हटले आहे, पण शिवी नाही. मला वाटते, येथे गाणारी थोडी स्वतःची फसवणूकही करून घेते आहे, कारण नाचात माणूस एकटीने चोरला जात नाही, दोघांची पावले जुळावी लागतात. हे मान्य करण्यापेक्षा सगळे मैत्रिणीवर आणि त्याहूनही अधिक चालीवर टाकणे तिला सोपे जाते. जाणकार गायिका ही बाजू ओळखून गातात. न ओळखणाऱ्या तिला निव्वळ बिचारी करून टाकतात.

हे कंट्री आहे का, हा आपला तिसरा प्रश्न. रचना नक्कीच कंट्रीची आहे. आपण ऐकलेले ध्वनिमुद्रण मात्र त्या काळच्या शहरी लोकप्रिय संगीताच्या पद्धतीचे आहे. किंग यांच्या मूळ ध्वनिमुद्रणात अकॉर्डियन आणि बँडची गावाकडची वाद्ये आहेत, आणि ते कंट्रीच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले होते. पॅटी पेज या ओक्लाहोमाच्या, मूळ नाव क्लारा अॅन फाउलर. मर्क्युरी कंपनीने 1950 च्या नाताळासाठी त्यांची तबकडी काढली तेव्हा कंपनीचा भरवसा पहिल्या बाजूवरच्या सांताक्लॉजच्या गाण्यावर होता, आणि 'टेनेसी वॉल्ट्झ' मागची बाजू भरायला टाकले होते. नाताळचे गाणे विसरले गेले आणि मागची बाजू 'बिलबोर्ड' या अमेरिकन संगीत-साप्ताहिकाच्या लोकप्रियतेच्या यादीत नऊ आठवडे पहिली राहिली. कंट्रीच्या यादीतही ती दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली. पुढच्याच वर्षी टोनी बेनेट यांनी हँक विल्यम्स यांचे गाणे गाऊन असेच यश मिळवले आणि नॅशव्हिलचे प्रकाशक शहरी गायकांच्या दारात जाऊन उभे राहू लागले. तेव्हा फिडल ऐकू येत नाही हा आपला आक्षेप ध्वनिमुद्रणापुरता खरा आहे. पण कंट्री म्हणजे वाद्ये एवढेच नव्हे. साधा माणूस, साधे शब्द, एक घटना, आणि घटनेनंतर जे घडले त्याबद्दल मौन, हे सगळे येथे आहे.

1965 साली टेनेसीने हे आपले एक अधिकृत राज्यगीत केले. राज्यगीत म्हटले की आपल्याला डोंगर, नद्या आणि पराक्रम आठवतात. यात टेनेसी आहे ती फक्त चालीच्या नावात, आणि पराक्रम म्हणावा तर दुसऱ्याचा प्रियकर पळवल्याचा. त्या विधिमंडळाला विनोदबुद्धी होती, की शब्दांकडे कोणाचे लक्षच गेले नव्हते, हे मला ठरवता आलेले नाही.

पेज यांच्या ध्वनिमुद्रणाबद्दल एक गोष्ट मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. त्यात त्यांच्या आवाजाला जे दुसरे आवाज साथ करतात तेही त्यांचेच आहेत. स्वतःच्या आवाजावर पुन्हा स्वतःचाच आवाज चढवण्याचा प्रयोग त्यांनी 'कन्फेस' या आधीच्या गाण्यात केला होता, आणि त्या काळी ती नवलाईची गोष्ट होती. आज संगणकावर कोणीही ते करतो, त्यामुळे आपल्याला त्यात काही विशेष जाणवणार नाही. पण या गाण्यात त्या युक्तीला अर्थ आला आहे. बाजूला दुसऱ्या गायिकांचा ताफा उभा केला असता तर तिच्या दुःखात सहभागी होणाऱ्या चार मैत्रिणी आहेत असे वाटले असते, आणि मैत्रीण या प्रकाराचा अनुभव तिने नुकताच घेतला आहे. येथे तिच्या सुरात सूर मिळवायला तिच्यावाचून कोणी नाही. हेडफोन लावून ऐकले तर दोन आवाज कुठे एकमेकांत मिसळतात आणि कुठे किंचित सुटे होतात ते कळते. त्या मुद्दाम भाव ओतत नाहीत, आणि तेच बरोबर आहे.

याच गाण्याचे दुसरे अवतार ऐकले की वॉल्ट्झचा ठेका काय काम करीत होता ते अधिक स्पष्ट होते. सॅम कुक यांनी 1964 मध्ये ते चार मात्रांच्या झपाट्याच्या ठेक्यात गायले. गाणे झकास झाले आहे, ऐकताना बोटे टिचकी वाजवू लागतात. पण कथा मागे पडते, कारण ज्या नाचात चोरी झाली तो नाचच नाहीसा झाला. असे वाटते, की हा माणूस त्या प्रकरणातून बरा होऊन बराच काळ लोटला आहे आणि आता तो मित्रांना किस्सा सांगतो आहे. ओटिस रेडिंग यांनी 1966 मध्ये उलट केले: अतिशय संथ लय, मागे ब्रास, आणि शब्द पुन्हा पुन्हा तोडून, विनवणी केल्यासारखे गाणे. लयीतली तीनाची चाल त्यांनी राखली आहे, पण त्यावर कोणी वॉल्ट्झ नाचू शकणार नाही. आपण जी कळ शोधत होता ती तिथे भरपूर मिळेल. मला ते ध्वनिमुद्रण अतिशय आवडते, तरी त्यात गाणाऱ्याला काय झाले ते पहिल्या ओळीलाच कळून चुकते, आणि पेज यांच्या गाण्यात ते बत्तीस बार कळत नाही. माझ्या मते मूळ रचनेचा कस दुसऱ्या प्रकारात अधिक दिसतो. लेनर्ड कोहेन यांच्या 2004 च्या संग्रहात 1985 च्या कार्यक्रमातले ध्वनिमुद्रण आहे, आणि त्यांनी स्वतःचे एक कडवे जोडले आहे. कवी मोठा असला तरी जिथे मूळ गाणे गप्प बसते तिथे बोलण्याची गरज नव्हती, असे मला वाटते. जपानमध्ये 1952 साली एरी चिएमी या किशोरवयीन गायिकेने याच गाण्याने पदार्पण केले आणि ते तिथे इतके रुजले, की पुष्कळ जपानी श्रोत्यांना ते आपल्याच देशातले वाटत असावे.

राहिला प्रश्न आपण ते कसे गावे याचा, कारण गुणगुणता असे आपण लिहिले आहे. लय कमी करू नये. घरच्या मैफलीत दुःखी गाणे म्हणून ते कोणी गाऊ लागले की पहिली ओढ लय उतरवण्याकडे असते, आणि मग तिसऱ्या भागापर्यंत गाणे चिखलात रुतते. दोन पावलांनी खोलीत फेरी घेता येईल एवढी लय धरावी आणि ती शेवटपर्यंत सोडू नये. चोरीची ओळ इतर ओळींइतक्याच आवाजात गावी. तिथे डोळे मिटण्याचा, हात छातीशी नेण्याचा मोह होतो, तो टाळावा. मंचावर हे वाजवताना आम्ही त्या ओळीनंतर चार बार नुसता ठेका ठेवत असू, गायक गप्प आणि अकॉर्डियनही गप्प, फक्त बूम-चिक-चिक. नाचणाऱ्यांपैकी कोणाच्या ते लक्षातही येत नसे, आणि लग्नाच्या रात्री येऊ नये हेच बरे. वयस्क जोडपी हे गाणे मागून घेत आणि एकमेकांना धरून सावकाश गिरक्या घेत. त्यांना शब्द पाठ होते, पण त्यांचा त्रास कोणालाच होत नसे.

आपण आता मूळ 1947 चे ध्वनिमुद्रण आणि पेज यांचे, दोन्ही लागोपाठ ऐकावीत, आणि दुसऱ्या सोळा बारांच्या शेवटी, षड्जावर येताना, शब्द काय आहेत तेवढे पाहावे. हातात वाद्य असेल तर तिसऱ्या भागातली गंधाराची कॉर्ड शोधावी. पांढरी एकपासून वाजवत असाल तर तिच्यात काळी चार लागेल.